एक बॅटरी सेल्फला, दुसरी गाण्याला

पौषातली थंडी, रात्रीचे दोन वाजलेले. अकलूजच्या शंकरनगरला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. बैलगाड्या, टायरगाड्या, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. कुणी चगळाचा जाळ करून हात शेकतो, कुणी मडगार्डला टेकून डुलकी काढतो. आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या ट्रॅक्टरवर डेक चालू असतो. एकाच्या गाडीवर लावणी, दुसऱ्याच्या गाडीवर भजन, तिसऱ्याच्या गाडीवर काय वाजते ते त्याचे त्यालाच ठाऊक. हंगामातली ही रात्र आपल्या भागातल्या माणसाला नवी नाही.

या गाण्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण फडातून भरून निघालेला ड्रायव्हर कित्येकदा सबंध रात्र नंबराची वाट पाहत जागा असतो. काटा झाला, गव्हाणीत ऊस पडला, की लगेच पुढच्या खेपेला निघायचे. झोप उडवायला त्याच्याजवळ चहा आणि गाणे ही दोनच साधने. म्हणून डेक वाईट असे मी म्हणत नाही. प्रश्न आहे तो डेकला वीज कुठून मिळते याचा.

गेल्या हंगामात माझ्या ओळखीच्या एका घरी याच प्रश्नावरून मोठे रामायण झाले. घर माळशिरस तालुक्यातले, बागायती, चांगले कष्टाळू. थोरला मुलगा स्वतःच्या ट्रॅक्टरवर ऊसवाहतूक करतो. कारखान्याच्या रांगेत रात्रभर डेक आणि रंगीत दिव्यांच्या माळा चालवून पहाटे सेल्फ मारला, तर गाडी नुसती ‘टक्’ म्हणून गप्प. शेजारच्या गाडीने ओढून चालू करावी लागली. असे दोनदा झाले, तेव्हा पोराने एका मिस्त्रीकडून दुसरी बॅटरी बसवून घेतली. नवी बॅटरी, जाड दिसणारी वायर, ऐटबाज पेटी. पैसे गेले, पण पोराला वाटले आता चिंता मिटली.

आठच दिवसांत दोन्ही बॅटऱ्या एका रात्रीत बसल्या. या वेळी गाडी रांगेत नव्हती. दोन भरल्या ट्रॉल्यांसह ती रस्त्याच्या कडेला चहासाठी उभी केली होती, इंजिन बंद, डेक चालू. बॅटऱ्या उतरल्या तसे ट्रॉलीचे मागचे लाल दिवे मंद होत विझले. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर होते, पण चिखलाने माखलेले. गावातलाच एक माणूस मोटारसायकलवरून येत होता. त्याला उसाची काळी भिंत दिसली ती अगदी जवळ आल्यावर. गाडी वळवताना तो आपटला आणि त्याचा पाय मोडला. जीव वाचला, पण ऐन हंगामात त्याचे घर बसले.

मुलाच्या वडिलांनी डेक फोडायला हातोडा उचलला होता. मी गेलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते आणि पोरगा गोठ्याच्या दाराशी मान खाली घालून उभा होता.

“सायेब, एकाला दोन बॅटऱ्या घातल्या तरी ही गत. मंग दुसरीचा उपेग काय?” आबांनी विचारले.

मी शेतीचा पदवीधर, वीजतंत्री नव्हे. पण चाळीस गावे फिरणाऱ्या माणसाला लोक सगळेच विचारतात, आणि आपल्याला येत नसेल ते जाणत्याकडून समजून घ्यावे लागते. वाहनांच्या वायरिंगचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या एका जुन्या कारागिराला मी घेऊन गेलो. त्याने पेटी उघडली, एक नजर टाकली आणि म्हणाला, “आबा, बॅटऱ्या दोन आहेत, पण हौद एकच केलाय.”

त्या वाक्यात सगळे आले. ते आता सविस्तर पाहू.

दोन हौद आणि मधला वॉल्व

अल्टरनेटर म्हणजे विहिरीवरची मोटर समजा. पहिली बॅटरी हा जनावरांच्या पाण्याचा हौद. तो कधीही रिकामा होता कामा नये, कारण सेल्फ, हेडलाइट, इंडिकेटर आणि ट्रॉलीचे दिवे त्याच्यावर. दुसरी बॅटरी हा बागेचा हौद. दोन्ही हौद एका पाइपाने कायमचे जोडून टाकले, तर बागेला पाणी सोडल्यावर जनावरांचा हौदही त्याबरोबर खाली जाणार. मिस्त्रीने नेमके हेच केले होते. प्लसला प्लस, मायनसला मायनस, मध्ये काही नाही. शिवाय एक बॅटरी चार वर्षांची आणि एक नवी. जुनी खालावलेली बॅटरी नवीतली वीज सतत ओढत राहते आणि नवीलाही आपल्या पातळीवर आणते.

मध्ये वॉल्व हवा. मोटर चालू असेल तेव्हा वॉल्व उघडा, म्हणजे दोन्ही हौद भरतील. मोटर बंद झाली की वॉल्व बंद, म्हणजे बागेचा हौद कितीही उपसला तरी जनावरांचे पाणी शाबूत. ट्रॅक्टरमध्ये हे काम करणाऱ्या उपकरणाला बॅटरी आयसोलेटर किंवा व्होल्टेज पाहून चालणारा रिले म्हणतात. इंजिन चालू होऊन पहिल्या बॅटरीवरचा दाब साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद होऊन दाब १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. माणसाने लक्षात ठेवण्याची गरज नाही.

याहून स्वस्त उपाय म्हणजे हाताने फिरवायचा जाड स्विच. तो चालतो, पण गाडी बंद केल्यावर आठवणीने फिरवावा लागतो. रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाची आठवण किती धरावी, हे आपले आपण ठरवावे. काहीजण सेल्फचा सोलेनॉइडच मध्ये घालतात. तो काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो, तासन्‌तास चालू ठेवला तर तापून जळतो. साध्या डायोडचा मार्गही आहे, परंतु डायोडमध्येच अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

हिशेब आधी, खरेदी नंतर

बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, ८८ अँपिअर-तास’ असे काही लिहिलेले असते. त्याचा ढोबळ अर्थ असा की, ४ अँपिअर वीज घेतली तर ती सुमारे २२ तास पुरेल. पण सेल्फसाठी बनवलेली बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. वारंवार तळ गाठला की तिच्या प्लेटांवर गंधकाचे कठीण खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणजे ८८ पैकी हिशेबात धरायचे ४४.

आबांच्या गाडीवरचा खर्च आम्ही ओट्यावर बसूनच मांडला. डेक आणि ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात सरासरी ८ अँपिअर. रंगीत माळा २. ट्रॉलीकडे रोखलेले ५५ वॅटचे दोन साधे दिवे मिळून ९. एकूण १९ अँपिअर. ४४ ला १९ ने भागा. सव्वादोन तास झाले की बॅटरी धोक्याच्या रेषेवर.

आता त्याच जागी १० वॅटचे दोन एलईडी दिवे लावले, माळा काढल्या आणि डेकचा आवाज निम्म्यावर आणून खर्च ४ अँपिअर ठेवला, तर एकूण सहाच्या आत येतो. तीच बॅटरी सात तास निघते. आबा म्हणाले, “म्हंजी दुसरी बॅटरी घेन्याआधी दिवं बदलायला पायजे हुतं.” अगदी बरोबर. पिकाला जादा पाणी देण्याआधी पाटाची गळती थांबवावी, तसेच हे.

भरण्याचाही हिशेब पाहावा. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सामान्यतः ३५ ते ४५ अँपिअरचा असतो, आणि तोही पूर्ण वेगात. इंजिन मंद चालले की वीज कमी बनते. त्यातून दिवे चालायचे, पहिली बॅटरी भरायची, मग दुसरी. शिवाय बॅटरी जसजशी भरत येते तसतशी वीज कमी कमी घेते. रात्री उपसलेले ४४ अँपिअर-तास फडापर्यंतच्या तासाभराच्या फेरीत भरून निघत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा घरच्या चार्जरवर दुसरी बॅटरी सावकाश पूर्ण भरावी. तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह ठेवावा. १०० अँपिअर-तासाला १० अँपिअर. अगदी जुन्या ट्रॅक्टरला अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल, तर दुसऱ्या बॅटरीच्या भानगडीत न पडणेच बरे.

बसवताना काय पाहावे

ट्रकवर काम केलेले काही ड्रायव्हर सांगतात, “ट्रकला दोन बॅटऱ्या असत्यातच की.” मोठ्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकीचे प्लस दुसरीच्या मायनसला अशा जोडलेल्या असतात आणि त्यांचे मिळून २४ व्होल्ट होतात. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा. तीच जोडणी इथे केली तर दिवे, डेक सगळे एका क्षणात जळेल. हा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यावा. बाकीच्या गोष्टी अशा :

१. दुसरी बॅटरी खोलवर उपसा सहन करणारी, पण वाहनासाठी बनवलेली घ्यावी. घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी एका जागी उभी राहण्यासाठी असते, फडातल्या सरी-वरंब्याचे हादरे तिला मानवत नाहीत. लिथियमची हलकी बॅटरी असेल तर तिला तिचा स्वतंत्र चार्जर लागतो. ती थेट अल्टरनेटरला जोडली तर एवढी वीज ओढते की अल्टरनेटर तापून बिघडू शकतो.

२. जागा सायलेन्सरपासून, पीटीओपासून आणि हायड्रॉलिकच्या पाइपांपासून दूर असावी. बॅटरीचे वजन २५-३० किलो. लोखंडी पेटी चेसीला नट-बोल्टने पक्की करावी, तळाला रबर घालावे, बॅटरी वरून पट्टीने आवळावी. पेटीला हवेची भोके हवीतच. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगी पडली तर भडका उडतो.

३. दोन बॅटऱ्यांमधली वायर तांब्याची, निदान १६ चौरस मिलिमीटरची असावी. वायर वरून जाड दिसते म्हणून फसू नये, आतले तांबे पाहावे. समजा दुसरी बॅटरी दोन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर. ४० अँपिअर प्रवाहाला १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत व्होल्टचा पाचवा हिस्साही खर्ची पडत नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास जातो. मग बॅटरी भरणार कशी? आणि वाया गेलेली वीज वायर तापवते. आबांच्या पेटीतली वायर अशीच निघाली, वरचे प्लॅस्टिक जाड आणि आत चार तारा.

४. प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज घालावा, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. एकच फ्यूज पुरत नाही, कारण वायर मध्ये कुठे घासून चेसीला लागली तर वीज दोन्ही बाजूंनी धावते. उसाचे पाचट, डिझेल आणि तापलेली वायर एकत्र आल्यावर काय होते हे सांगायला नको. डेकला त्याचा स्वतंत्र छोटा फ्यूज असावा. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी कधीही घालू नये.

५. मायनसची वायरही तितकीच जाड घ्यावी आणि चेसीचा रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर आवळावी. निम्म्या तक्रारी या गंजलेल्या अर्थिंगच्या असतात.

६. बॅटरी काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. पाना चुकून चेसीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी.

७. कधी पहिली बॅटरी उतरलीच, तर दुसरीच्या मदतीने गाडी चालू करता येते. पण भरण्यासाठी घातलेल्या वायरीतून सेल्फ मारू नये. सेल्फ एका दणक्यात शेकडो अँपिअर ओढतो, फ्यूज उडेल. दोन्ही बॅटऱ्या पंधरा-वीस मिनिटे जोडून ठेवाव्यात, म्हणजे पहिलीत थोडा जीव येतो. नाहीतर जाड जंपर केबल वापरावी.

वाहन नवे असून कंपनीची हमी चालू असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी विक्रेत्याला विचारावे. नंतर हमी नाकारली तर भांडायला जागा राहत नाही.

ट्रॉलीचे दिवे कोणत्या बॅटरीवर?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कित्येकजण डेकबरोबर ट्रॉलीचे दिवेही दुसऱ्या बॅटरीवर टाकतात, म्हणजे पहिलीवरचा भार हलका होईल असे त्यांना वाटते. हे सपशेल चूक आहे. दुसरी बॅटरी ही संपण्यासाठीच ठेवलेली असते. तिच्यावर डेक, पंखा, मोबाइलचा चार्जर आणि जादा दिवा एवढेच असावे. हेडलाइट, इंडिकेटर आणि मागचे लाल दिवे मूळ बॅटरीवरच राहू द्यावेत.

आणि बॅटऱ्या दोन काय, चार असल्या तरी ट्रॉलीच्या मागे, बाजूंना लाल-पिवळे रिफ्लेक्टर हवेतच. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही, फ्यूज लागत नाही. लागते ते रोज गाडी निघताना ओल्या फडक्याने पुसणे. उसाची वाढे लोंबून ती झाकली जाणार नाहीत एवढे पाहणे. इंदापूरकडून अकलूजला येणारा पालखी मार्ग रुंद झाल्यापासून मोटारी वेगाने येतात. त्यांच्या दिव्यात आपली ट्रॉली लांबूनच चमकली पाहिजे.

आवाजाचेही एक सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मागून येणाऱ्याचा हॉर्न आणि ट्रॉलीच्या हुकाचा खडखडाट ड्रायव्हरच्या कानी पडलाच पाहिजे. झोप जाण्यापुरते गाणे पुष्कळ झाले.

आषाढीच्या वेळी हेच ज्ञान दुसऱ्या कामी येते. तुकोबारायांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते, इथे गोल रिंगण होते. दिंड्यांबरोबर ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक असतात. रात्री मुक्कामावर भजनाचा माइक, स्वयंपाकाजवळचा दिवा, वारकऱ्यांचे मोबाइल, सगळे गाडीच्या बॅटरीवर चालते आणि पहाटे गाडी ढकलावी लागते. दिंडीच्या गाडीला स्वतंत्र दुसरी बॅटरी असली तर ती सेवाच म्हणायची. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर मात्र त्याच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा माइक चालवू नये. एक उतरते, दुसरी जादा भरते आणि दोन्ही लवकर मरतात.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

शिसे आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. एवढा काळ गेला तरी मूळ रचना तीच आहे, आणि तिची निगाही साधीच आहे. पंधरवड्याने पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडू देऊ नयेत. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे किंवा फिल्टरचे नव्हे आणि ॲसिड तर मुळीच नव्हे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवावा, झाकणांच्या आत सोडा जाऊ देऊ नये. कोरडे करून वर व्हॅसलिन लावावे.

इंजिन बंद करून काही तासांनी मीटर लावावा. १२.६ च्या पुढे असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. झाकणे निघत असतील तर हायड्रोमीटरवर भरलेल्या बॅटरीचे पाणी १२६० ते १२८० दाखवते. एखादाच कप्पा फार खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करून सुधारत नाही.

मायभगिनींना एक विनंती. बॅटरी चुलीच्या किंवा देवघराच्या खोलीत चार्ज करू देऊ नका. मोकळ्या पडवीत लावावी, जवळ बिडी-काडी नको. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डोळ्यांत गेले असल्यास तसेच डॉक्टरकडे जावे. हळद, तूप काही लावू नये. जुनी बॅटरी परसात फोडून शिसे काढायचा उद्योग तर कधीच करू नये. शिशाची धूळ लहान लेकरांच्या मेंदूला घातक असते. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटरी बनवणाऱ्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी आहे. विक्रेत्याकडे परत दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते.

आबांच्या ट्रॅक्टरवर त्या कारागिराने एका दिवसात काम उरकले. आयसोलेटर, नवी वायर, दोन फ्यूज, एलईडी दिवे. माळा पोराने आपण होऊन काढल्या. संध्याकाळी डेक लावून गाडी गोठ्यासमोर उभी केली. पहाटे आम्ही फोन केला तेव्हा डेक बंद पडला होता, पण पहिल्या सेल्फला गाडी उठली होती. “पयली बॅटरी बारा पूर्णांक सहा हाय, सायेब,” पोराने सांगितले. आवाजात हुरूप होता.

पाय मोडलेल्या शेजाऱ्याचा ऊस फडात उभा होता. त्याची तोड आली तेव्हा याच पोराने तो स्वतःच्या गाडीतून कारखान्यावर नेला आणि वाहतुकीचा हिशेब काढू दिला नाही. आबांनी हातोडा कधीच कपाटात ठेवला. पण खेप निघताना ते अजून दारात येतात, ट्रॉलीच्या मागे जातात आणि धोतराच्या सोग्याने रिफ्लेक्टर पुसतात.

शेतकरी बंधूंनो, येत्या हंगामात बॉयलर पेटण्यापूर्वी आपल्या गाडीची पेटी एकदा उघडून पाहा. वायर किती जाड, फ्यूज कुठे, मागचे दिवे कशावर, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे. डेक मध्यरात्री बंद पडला तर फार तर एक गाणे अर्धे राहील. मागचा दिवा मात्र विझता कामा नये, त्या दिव्याच्या भरवशावर मागून कुणाच्या तरी घरचा माणूस येत असतो.